आंतरकशेरुकी चकतीची झीज आणि प्रतिमादर्शन

आंतरकशेरुकी चकतीची झीज म्हणजे पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांमध्ये असणाऱ्या लवचीक चकतीत वयोमानानुसार किंवा ताणामुळे होणारे बदल. बोलीभाषेत या चकतीला 'गादी' म्हणतात. मराठवाड्यात 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप पडला', 'नस दबली' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. यांपैकी 'गॅप' हा शब्द दिशाभूल करणारा आहे. चकती झिजल्यावर मणक्यांमधील अंतर वाढत नाही, उलट कमी होते.

रचना व विकृती

मानवी कण्यात २३ चकत्या असतात. प्रत्येकीत मऊ, पाणीदार गाभा व त्याभोवती तंतुमय कडे असते. प्रौढ वयात चकतीच्या आतील भागाला रक्तपुरवठा नसल्यामुळे तिची झीज सहजी भरून येत नाही. कडे फाटून गाभा बाहेर आल्यास जवळच्या चेतामुळावर दाब व दाह निर्माण होतो आणि कळ पायात उतरते. यास गृध्रसी किंवा सायटिका म्हणतात. कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत हे सर्वाधिक आढळते. चकती व गृध्रसी यांचा संबंध मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये स्पष्ट केला.

प्रतिमादर्शन

क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, चकती दिसत नाही. मणक्यांमधील कमी झालेल्या अंतरावरून झिजेचे केवळ अनुमान करता येते. एमआरआय तपासणीत शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजन अणुकेंद्रांच्या संकेतांवरून प्रतिमा तयार होते. तिच्या 'टी२' प्रकारच्या चित्रात निरोगी गाभा पांढरा व पाणी घटलेला गाभा काळा दिसतो. याच आधारावर फिरमान व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये झिजेच्या पाच श्रेणी ठरविल्या.

अहवालाचा अर्थ

अहवालातील प्रत्येक दोष वेदनेचे कारण असतोच असे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींपैकी ५२ टक्के जणांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. २०१५ च्या एका व्यापक आढाव्यानुसार वेदनारहित व्यक्तींमध्ये झिजेचे प्रमाण विशीत ३७ टक्के, तर ऐंशीत ९६ टक्के होते. म्हणजे झीज ही बरीचशी केस पिकण्यासारखी आहे. तरीही अहवालातील शब्दांनी घाबरून रुग्ण काम सोडतात, क्वचित अनावश्यक शस्त्रक्रियेसही तयार होतात. अहवालातील दोषाची बाजू व पातळी रुग्णाच्या लक्षणांशी जुळली तरच त्याला महत्त्व येते.

तपासणी केव्हा आवश्यक

साधी पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत कमी होते, म्हणून आरंभीच एमआरआय करण्याची शिफारस केली जात नाही. देगलूरच्या कापूस वेचणाऱ्या किंवा पोती उचलणाऱ्या मजुरासाठी सुमारे ८० किमीवरील नांदेडची फेरी म्हणजे बुडालेली मजुरीही असते. परंतु ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना किंवा पूर्वीचा कर्करोग असल्यास विलंब करू नये. भारतात मणक्याचा क्षयरोग हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे. त्यात मणक्यांसह चकतीही नष्ट होते आणि केवळ 'गादीचा त्रास' समजून महिने वाया गेल्यास पायांना पक्षाघात होऊ शकतो. लघवी अडणे वा नकळत होणे, गुदद्वाराभोवती बधिरता किंवा पायातील शक्ती वेगाने कमी होणे ही तातडीची अवस्था आहे. अशा वेळी देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून रुग्णास त्याच दिवशी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या केंद्रात हलविणे इष्ट ठरते.