माणसे गेली, सण राहिला

२०११ च्या जनगणनेनुसार पश्चिम बंगालच्या लोकसंख्येत ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. तरीही डिसेंबर संपत आला की कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा उरत नाही, न्यू मार्केटमधल्या केकच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये मध्यरात्रीच्या उपासनेला हिंदू बंगाली कुटुंबेही मुलाबाळांसह येतात. ज्या नाताळाला तिथे ‘बोरोदिन’ म्हणतात, तो या शहरात आणला परमुलखातून आलेल्या माणसांनी. आर्मेनियन व्यापारी, पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्ती, कंपनीचे इंग्रज नोकर, गोव्याहून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे अशी ती सगळी मंडळी होती. त्यांतली बहुतेक आता तिथे नाहीत, पण त्यांचा सण आहे. परदेशी राहून आपला सण कसा टिकवायचा, हा प्रश्न आज जगभर पसरलेल्या कुटुंबांना पडतो. कोलकात्याने त्याला दिलेले उत्तर दोन-तीन शतकांच्या कसोटीवर उतरलेले आहे. सणातला कोणता भाग घट्ट धरायचा आणि कोणता शेजाऱ्यांच्या हाती सोपवायचा, हा विवेक ज्यांना साधला त्यांचा सण टिकला.

सुरुवातीच्या इंग्रजांची धडपड साहजिकच मायदेशाची हुबेहूब नक्कल करण्याची होती. कॅथीड्रलच्या दगडविटांतही ती दिसते. १८४७ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट पॉल्सचा उंच मनोरा १८९७ च्या भूकंपात मोडला. पुन्हा बांधला, तो १९३४ च्या भूकंपात कोसळला. त्यानंतर जो मनोरा उभारला गेला, तो इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलच्या मनोऱ्याच्या धर्तीवर. पण इमारतीत जे जमते ते सणात जमत नाही, कारण सणाला हात लागतात आणि ते हात इथलेच होते. १८२२ मध्ये कलकत्त्याला आलेल्या फॅनी पार्क्स या बाईंनी आपल्या प्रवासवर्णनात तिथला नाताळ नोंदवला आहे. नोकरांनी फाटकांना ताज्या फुलांच्या माळा बांधल्या आणि फळे, केक, मिठाई यांची तबके आणून बक्षिसी मागितली, असे त्या सांगतात. दाराला तोरण बांधणे आणि सणाच्या दिवशी फळामिठाईचे तबक घेऊन जाणे ही आपल्याकडची रीत. म्हणजे इंग्रजांचा सण कलकत्त्यात रुजत होता त्या काळातच त्याच्या फाटकावर बंगालचे फूल चढले होते. साहेबाने ते काढून टाकायला सांगितले नाही, आणि त्या सणाच्या पुढच्या आयुष्याला याचा फार उपयोग झाला.

हाच बदल केकच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसतो. न्यू मार्केटमधले प्रसिद्ध ‘नाहूम्स’ १९०२ मध्ये नाहूम इस्राएल मॉर्डेकाई या बगदादी ज्यू गृहस्थांनी सुरू केले. पार्क स्ट्रीटवरचे ‘फ्लुरीज’ १९२७ चे, एका स्विस दांपत्याने काढलेले. ‘सालडाना’ ही १९३० ची बेकरी गोव्याच्या कुटुंबाची. या सगळ्या भट्ट्यांवर आणि तालतला, रिपन स्ट्रीट भागातल्या लहान बेकऱ्यांत पिढ्यान् पिढ्या राबत आले ते प्रामुख्याने मुसलमान कारागीर. डिसेंबरात ख्रिस्ती कुटुंबे मैदा, लोणी, अंडी आणि रममध्ये मुरवलेला सुका मेवा घेऊन या बेकऱ्यांत जातात आणि आपल्या घरच्या प्रमाणाने केक भाजून आणतात. ख्रिस्ती घरची कृती, मुसलमान कारागिराची भट्टी आणि ज्यू दुकानाचा लौकिक या तिन्हींच्या आधाराने हा केक उभा आहे. विलायती साखरपाकातली फळे मिळत नसतील तेव्हा कोहळ्याचा मुरंबा त्यात आला आणि कायमचा राहिला. अलीकडे खजुरीच्या नव्या गुळाचाही केक होतो. सणाचा मुख्य पदार्थ कुणा एका जमातीच्या स्वयंपाकघरात अडकून राहिला असता, तर त्या जमातीबरोबरच तो गेला असता. कलकत्त्यातल्या बगदादी ज्यूंची संख्या आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे, पण नाहूम्सचा केक दर नाताळात विकला जातोच आहे.

मात्र सगळेच सोडून द्यायचे असते असा याचा अर्थ घेतला, तर तो अर्धाच धडा होईल. उरलेला अर्धा धडा आर्मेनियन लोकांनी दिला आहे. बडाबाजारजवळच्या गल्लीतले त्यांचे नाझरेथचे पवित्र चर्च १७२४ चे, म्हणजे कोलकात्यातले सर्वांत जुने. आर्मेनियन चर्च येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र साजरा करते, तेही ६ जानेवारीला. बाजूचे सगळे शहर २५ डिसेंबरला उजळलेले असताना मूठभर माणसांनी आपली तिथी तीनशे वर्षे धरून ठेवली. त्यासाठी त्यांनी नुसत्या निष्ठेवर भरवसा ठेवला नाही. संस्था उभारल्या, त्यांच्या खर्चाची तजवीज केली. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या आर्मेनियन कॉलेजात आजही आर्मेनिया, इराण अशा देशांतून मुले शिकायला येतात आणि तीच चर्चमधल्या प्रार्थनेला आवाज पुरवतात. स्थानिक समाज आटला तरी उपासना थांबली नाही, ती या तजविजीमुळे. तिथी, प्रार्थना, भाषा आणि इमारत हा सणाचा कणा. तो ज्याचा त्यालाच सांभाळावा लागतो, शेजारी कितीही प्रेमळ असला तरी ते काम तो करून देऊ शकत नाही. खाणे, रोषणाई, गाणी, गर्दी हा मात्र सणाचा असा भाग आहे की तो वाटल्याने वाढतो.

तो वाटला गेला तेव्हा बंगाली समाजाने त्याचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. १८८६ च्या २४ डिसेंबरला नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आणि त्यांच्या गुरुबंधूंनी हुगळी जिल्ह्यातल्या आंटपूर गावी धुनीसमोर संन्यासाचा संकल्प केला. ती नाताळची पूर्वसंध्या होती हे त्यांच्या मागाहून लक्षात आले, असे रामकृष्ण संघाच्या परंपरेत सांगतात. बेलूर मठात आजही त्या संध्याकाळी येशूच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या, फळे आणि केक ठेवून पूजा होते. रवींद्रनाथांनी १९१० मध्ये शांतिनिकेतनात २५ डिसेंबरला ख्रिस्तोत्सव सुरू केला, तो अजून चालू आहे. विचारवंतांच्या पलीकडे सामान्य माणसानेही हा दिवस आपल्या पद्धतीने घेतला. त्या दिवशी अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात मुंगीला शिरायला जागा नसते, कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन सहलीला निघतात आणि पाड्यापाड्यांतल्या नाक्यांवर रंगीत कागदात गुंडाळलेल्या केकची तात्पुरती दुकाने लागतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही प्रक्रिया अनोळखी वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे आणि कीर्तनाचे रूप दिले, तेव्हा त्यांनी श्रद्धेचा गाभा कायम ठेवून तिला इथल्या माणसाच्या गळ्यात बसणारा आवाज दिला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा राज्यकर्त्यांचा सण होता, तो सत्तेच्या जोरावर रुजला, आणि साध्या नोकरदार स्थलांतरिताला त्यातून शिकण्यासारखे काही नाही. सत्तेने सणाला सार्वजनिक सुट्टी दिली, मोठी चर्चे दिली, हे खरेच आहे. पण १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याचे ठरले, १९४७ मध्ये राज्यच गेले आणि सण मात्र त्यानंतरही फोफावत राहिला. गेलेली सत्ता त्याला तारू शकत नव्हती. शिवाय आर्मेनियन, बगदादी ज्यू आणि गोवेकर हे राज्यकर्ते कधीच नव्हते. उलट उदाहरणही हाताशी आहे. अर्नेस्ट टिमोथी मॅक्लस्की या कलकत्त्याच्या व्यावसायिकाने १९३३ मध्ये छोटानागपूरच्या जंगलात, आजच्या झारखंडमध्ये, अँग्लो-इंडियनांसाठी त्यांची स्वतःची वस्ती वसवली, मॅक्लस्कीगंज. पुढे ती वस्ती ओस पडत गेली. तिथे रोजगार नव्हता, हे त्याचे मोठे कारण होते. तरी एवढे दिसतेच की फक्त आपल्याच लोकांसाठी वसवलेल्या गावात सणाला सांभाळणारा दुसरा कुणी उरला नाही. बोबाजारजवळच्या बो बॅरॅक्समध्ये, लाल विटांच्या जुन्या लष्करी चाळींत राहणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांभोवती मात्र सारे शहर होते. तिथला नाताळ पाहायला आजही लोक लांबून येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पार्क स्ट्रीटची रोषणाई, २०११ पासून राज्य सरकारच्या पुढाकाराने ॲलन पार्कमध्ये होणारा उत्सव, हॉटेलांतल्या मेजवान्या यांत येशू कुठे आहे, असे श्रद्धावान माणूस विचारतो. बाजाराने सण गिळला, ही त्याची व्यथा खोटी नाही. पण गर्दी चर्चच्या बाहेर आहे म्हणून आतली प्रार्थना कमी झालेली नाही. गोठ्याचा देखावा, कॅरल, मध्यरात्रीची उपासना हे सारे आपल्या क्रमाने चाललेले आहे. ज्याने कणा सांभाळला त्याला गर्दीची भीती नसते. ज्याने तो सांभाळला नाही, त्याच्याकडे गर्दी नसती तरी उपासना उरली नसती. शिवाय अल्पसंख्य समाजाच्या सणाला बहुसंख्य समाजाने आपले म्हणणे हे त्या समाजाला मिळणारे मोठे संरक्षण असते, हे विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप मान्यच करावा लागतो. सण टिकला म्हणजे समाज टिकला असे होत नाही. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली आणि कोणत्याही रोषणाईने त्यांना थांबवले नाही. पण जाताना त्यांनी जो नाताळ बरोबर नेला, तो कलकत्त्यात घडलेला होता. पर्थ आणि मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या घरांत नाताळला कुलकुल तळले जातात, नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची आमटी शिजते. ज्यांच्या पणजोबांनी इथे बसून इंग्लंडची आठवण काढली, त्यांची पतवंडे ऑस्ट्रेलियात बसून कोलकात्याची आठवण काढतात. जानेवारी २०१३ मध्ये जगभरच्या अँग्लो-इंडियनांचे संमेलन कोलकात्यातच भरले. यजमान शहराने सणात घातलेली भर हाच त्या सणाचा सर्वांत जिवाभावाचा भाग ठरला. म्हणून, बदल झाला की परंपरा भ्रष्ट होते, हे म्हणणे टिकत नाही.

हे सारे मराठी माणसाच्या अगदी जवळचे आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे, आणि खुद्द कोलकात्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. परदेशी गणेशोत्सव करणाऱ्या मंडळांनी आर्मेनियनांकडून तिथी, आरती आणि भाषेचे वर्ग यांची पक्की व्यवस्था करायला शिकावे. मोदकाची उकड मात्र शेजारणीला मोकळ्या मनाने शिकवावी, आणि तिने त्यात तिच्याकडचे सारण भरले तर आनंदाने खावे. महाराष्ट्रात राहणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. मुंबई-पुण्यात पोटासाठी आलेला बिहारी जेव्हा छठपूजेला पाण्याच्या काठी उभा राहतो, तेव्हा यजमान आपण असतो. परक्याचा सण टिकवण्याचे निम्मे काम यजमानाचे असते, हे कोलकात्याने करून दाखवले. आपणही ते करावे.