*सागावर ड्रोन फिरवायचाय? आधी हे वाचा* 🌳


कुरुंदा परिसरात ज्यांच्या बांधावर, माळावर साग आहे त्यांच्यासाठी.

साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनला आपल्याला दिसतं तेवढंच दिसतं, फक्त वरून. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतो. निरोगी पान हा प्रकाश भरपूर परत फेकतं, आजारी पान कमी. म्हणून पान पिवळं पडायच्या आधीच ते झाड नकाशात वेगळं दिसू शकतं.

पण ड्रोन जागा दाखवतो, *कारण नाही.* अळी असो, वाळवी असो की मुळाशी तुंबलेलं पाणी, नकाशावर डाग सारखाच. नकाशा मोबाईलवर घेऊन त्या झाडापाशी जावंच लागतं. पानाच्या नुसत्या शिरा उरून जाळी झाली असेल तर ती अळी. लगेच फवारणी नको, मोठा साग परत फुटतो. रोपं लहान असतील तर पानाचा फोटो आधी ग्रुपवर टाका.

पाहणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच करा. हिवाळ्यात साग आपसूक पानं गाळतो, माळावरचा तर काळ्या रानातल्याच्या आधी. तेव्हा ड्रोन उडवला तर सगळं रान आजारी दिसेल अन् भाडं पाण्यात जाईल.