‘सवय झालीये’ म्हणता, पण शरीराला झालीये का? : आवाज, ताण आणि आपण

हेडफोन लावलेत ना? मग व्हॉल्यूम जरा खाली आणा. का, ते पुढे येईलच. आणि जे वाचतायत त्यांच्यासाठी नेहमीसारखं, जसं बोललो तसंच खाली लिहून दिलंय.

तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. ‘अभ्यासाला बसतो पण लक्ष लागत नाही. बारीकसारीक गोष्टीवरून रूममेटवर भडकतो. संध्याकाळी काहीही न करता गळून गेल्यासारखं होतं. माझ्यातच काही कमी आहे का?’ यावर ‘ध्यान करा, पॉझिटिव्ह राहा, पहाटे उठा’ सांगणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत. ते वाईट नाहीत. पण आज आपण दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करू. तुमच्या मनात डोकावण्याआधी तुमच्या खिडकीतून बाहेर डोकावू. खाली काय आहे? सिग्नल? बांधकामाची साइट? मंगल कार्यालय?

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला पी. एस. ९८ नावाची एक सरकारी शाळा. तिच्या शेजारूनच उंचावरून ट्रेनचे रूळ जातात. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाई तेव्हा कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचं मूल या शाळेत होतं आणि ट्रेनच्या आवाजात मुलांना शिकताच येत नाही, अशी पालकांची तक्रार होती. बाईंनी एक साधी तुलना केली. इमारत एकच, पण काही वर्ग रुळांच्या बाजूला आणि काही पलीकडच्या शांत बाजूला. रुळांच्या बाजूला दर साडेचार-पाच मिनिटांनी ट्रेन जायची, आवाज ८९ डेसिबलपर्यंत चढायचा आणि शिक्षकांना वाक्य अर्धवट सोडून थांबावं लागायचं. १९७५ साली हा अभ्यास छापून आला. सहावीपर्यंत रुळांकडची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळपास एक वर्ष मागे पडलेली होती.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. रेल्वेवाल्यांनी त्या रुळांखाली रबरी पॅड बसवले, शाळेने वर्गांना आवाज शोषून घेणारं छत लावलं. १९८१ मध्ये पुन्हा तपासलं, तर दोन्ही बाजूंच्या मुलांमधला फरक गेलेला होता. मुलांना कुणी मोटिव्हेशनल लेक्चर दिलं नव्हतं बरं का! बदलले ते रूळ आणि छत.

आता तुम्ही म्हणाल, ‘आम्हाला नाही काही होत, आम्हाला सवय झालीये.’ स्टेशनजवळ राहणारा प्रत्येक जण हे म्हणतो. आणि ते अर्धं खरंही आहे. रोजच्या आवाजाने जाग येणं हळूहळू कमी होतं. पण कानाला पापण्या नसतात. आपण झोपतो तेव्हाही कान ड्युटीवरच असतो. रात्री ट्रक गेला की तुम्ही उठत नाही, पण हृदयाचे ठोके काही क्षण वाढतात, रक्तदाब थोडा चढतो. शरीराची ही प्रतिक्रिया वर्षानुवर्षं तिथे राहूनही पूर्णपणे थांबत नाही. सकाळी तुम्हाला काहीच आठवत नसतं, फक्त झोप पुरली नाही असं वाटतं आणि आपण दोष देतो स्वतःच्या आळशीपणाला.

हे होतं कसं? अचानक आलेला मोठा आवाज मेंदूसाठी धोक्याची घंटा असते. मेंदू शरीराला सांगतो, ‘तयार राहा.’ ॲड्रेनलिन सुटतं, मग कॉर्टिसॉल. वाघ समोर आला तर हे फार कामाचं. पण वाघ येतो आणि जातो, हॉर्न मात्र दिवसभर चालूच. शरीर सतत तयारीत राहिलं की झोप, पचन, लक्ष, स्वभाव, सगळ्यावर थोडाथोडा भार पडत जातो.

आता मला सर्वात भारी वाटणारा प्रयोग. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांचं ‘अर्बन स्ट्रेस’ हे पुस्तक १९७२ चं. त्यांनी लोकांना काम करायला बसवलं आणि मधूनमधून १०८ डेसिबलचा गोंधळ ऐकवला. टाइपरायटर, मशिन्स, न समजणाऱ्या भाषेतली बोलणी, सगळं एकत्र. आवाज चालू असताना लोकांनी काम बऱ्यापैकी केलं. परिणाम दिसला तो नंतर, शांततेत. कोडी सोडवताना त्यांनी लवकर हात टेकले, प्रूफ तपासताना जास्त चुका केल्या. आवाज कधीही, कसाही यायचा त्या गटाचे हाल जास्त, ठरावीक अंतराने यायचा त्यांचे कमी. आणि एका गटाला बटण दिलं होतं. ‘हवं तर आवाज बंद करू शकता, पण नाही केलात तर बरं.’ बहुतेकांनी बटण दाबलंच नाही. तरीही ते कोड्यांवर जास्त वेळ टिकले. आवाज तोच, कानावर मार तेवढाच! आपल्या हातात काहीतरी आहे, एवढ्यानेच फरक पडला.

आपल्याकडे हे समजायला ढोल पुरतो. गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठी पथकांचा सराव सुरू होतो. ढोल वाजवणारा दोन तासांनी घरी जातो तो मस्त मूडमध्ये. त्याच आवाजात समोरच्या बिल्डिंगमध्ये परीक्षेची तयारी करणारी मुलगी मात्र रडकुंडीला येते. ती नाजूक आणि तो दमदार, असं नसतं. त्याच्या हातात टिपरू आहे, तिच्या हातात काहीच नाही. (वाजवणाऱ्यांनो, खूश होऊ नका. ताण नसला तरी कानाच्या आतल्या नाजूक पेशींना भक्ती कळत नाही आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. इअरप्लग घाला.)

म्हणून ‘मन खंबीर कर’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. प्रश्न असा विचारावा : माझ्याकडे बटण कुठलं आहे?

एक बटण कायद्यात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. तक्रार पोलिसांकडे करता येते, ११२ वरही. लगेच गाडी येईलच असं मी म्हणणार नाही, आणि गल्लीतल्या मंडळाशी एकट्याने पंगा घ्यायला कोण तयार असतं? दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून आधीच जाऊन वेळ ठरवून घेणं जास्त चालतं. सराव किती वाजता थांबणार हे नक्की कळलं, तरी ताण उतरतो. प्रयोगातला ठरावीक आवाज आठवा.

दुसरं बटण खोलीतलं. कॉट बेसिसवर चौघं राहत असाल तर रील्स स्पीकरवर लावायची नाहीत, कॉल बाहेर जाऊन घ्यायचा, हा नियम पहिल्याच आठवड्यात बोलून टाका. भांडण झाल्यावर बोललं की तो नियम राहत नाही, टोमणा होतो. फेसाचे इअरप्लग स्वस्त मिळतात, झोपेसाठी तेच बरे. कॉट रस्त्याच्या भिंतीपासून हलवता आली तर हलवा. सगळ्यात कठीण अभ्यास घरातल्या शांत तासांत किंवा अभ्यासिकेत करा.

आणि हेडफोन. लोकलच्या खडखडाटावर गाणं चढवायचं म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास इथपर्यंत ठीक. त्यापुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजाला लिमिट लावता येतं, आजच लावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सगळं आवाजावर ढकलायचं नाही. शांत ठिकाणी चार दिवस राहूनही झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या असतील किंवा जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास असते, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. फोन केल्यावर तुमच्या खोलीबद्दल, कामाबद्दल, झोपेबद्दलही सांगा.

पुढच्या भागात उन्हाळ्यातल्या रात्री आणि झोप. तोवर तुमच्या खिडकीखाली काय आहे ते व्हॉइस नोटवर पाठवा. जमलं तर रात्री १० नंतरचं रेकॉर्डिंगच पाठवा.