आडवी बाटली : मतदानापूर्वींचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यांत 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेली दारूबंदी राज्य सरकारनें 2021 सालीं उठविली. महसुलाची तूट आणि चोरट्या दारूचा सुळसुळाट हीं कारणें तेव्हां पुढें करण्यांत आलीं. गडचिरोलींत 1993 पासूनची बंदी चालू राहिली. सबब ज्या गांवास परवान्याचें दुकान नको असेल, त्यास 2008 सालच्या सरकारी आदेशांतील मतदानाचा मार्ग धरावा लागतो. त्याविषयीं सभासदांकडून वारंवार विचारणा होते, म्हणून आमचें मत येथें मांडीत आहों.

प्रथम पैशाची गोष्ट. “दुकान गेलें तर गांवाचें उत्पन्न बुडेल,” असें चावडीवर बोललें जातें. तें बरोबर नाहीं. मद्यावरील उत्पादन शुल्क हें राज्याचें उत्पन्न होय. तें राज्याच्या संचित निधींत जमा होतें, व त्यांतला अमुक हिस्सा दुकान असलेल्या गांवास द्यावा असें बंधन नाहीं. जमीन महसुलावरील स्थानिक उपकर ग्रामीण संस्थांच्या पदरीं पडतो, तशी ही बाब नव्हे. दुकानाच्या इमारतीची घरपट्टी तेवढी पंचायतीस मिळते, आणि इमारत उभी आहे तोंवर ती दुसऱ्या भाडेकऱ्याकडूनहि मिळेल. राज्याची तूट मात्र खरी असते, ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु सरकारी जमेचा तो रुपया गांवच्याच कुटुंबांच्या खिशांतून निघतो, हें जमाखर्च मांडणाऱ्यानें विसरूं नये.

आतां मतदानाची रीत. गांवांतील एकूण स्त्री-मतदारांपैकीं, अगर सर्व मतदारांपैकीं, 25 टक्क्यांनीं सह्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा. सह्यांची पडताळणी झाल्यावर गुप्त मतदान होतें. दुकान हवें असल्यास उभी बाटली, नको असल्यास आडवी, अशी चिन्हांची सोय आहे. खरी अडचण मोजणींत आहे. दुकान बंद होण्यास पडलेल्या मतांच्या निम्म्याहून नव्हे, तर यादींतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडावीं लागतात.

समजा, यादींत 400 स्त्रिया आहेत. सह्या 100 लागतील. मतदानास 260 आल्या. 195 जणींनीं आडवी व 65 जणींनीं उभी बाटली पसंत केली. चारांत तिघींस दुकान नको, तरी तें चालूच राहील. कारण 201 मतें हवीं होतीं. घरीं राहिलेल्या 140 जणींची अनुपस्थिति दुकानदाराच्याच उपयोगीं पडली!

म्हणून आमची पहिली शिफारस यादीबद्दल आहे, भाषणांबद्दल नाहीं. मयत झालेल्या व लग्न होऊन परगांवीं गेलेल्या स्त्रियांचीं नांवें यादींत राहिलीं, तर तीं एकूण संख्या फुगवितात. एकेक जुनें नांव म्हणजे दुकानदारास फुकट मिळालेला आधार. अर्ज करण्यापूर्वींच यादी घरोघर ताडून पाहावी व नांवें कमी करण्याचे रीतसर अर्ज तहसीलांत द्यावे. सही वा अंगठा करणारीचें नांव यादींत लिहिलें असेल त्याचप्रमाणें अर्जांत लिहावें, म्हणजे पडताळणींत तें गळणार नाहीं.

दुसरी शिफारस तारखेविषयीं. मार्च-एप्रिलांत बायाबापड्या पहांटेच मोहफुलें वेंचावयास जातात, मे महिन्यांत तेंदूपत्ता असतो, आणि जुलै-ऑगस्टांत रोवणी. हे दिवस टाळावे, अशी विनंती अर्जासोबतच लेखी करावी. तारीख नेमणें आपल्या हातीं नाहीं. विनंति करणें आहे.

दुकान बंद झालें म्हणून मोहाची भट्टीहि विझेल, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या कामीं पोलिसपाटील व गांवकरी यांना वेगळा बंदोबस्त ठेवावाच लागेल, आणि दुकान उठल्यावर तो अधिकच जागरूकपणें.

राहतां राहिली धान करणाऱ्या जमीनदार सभासदांची बाब. मतदानाचा दिवस हंगामांतच आला, तर बांधीवरील बायांना अर्ध्या दिवसाची रजा द्यावी आणि मजुरी पूर्ण द्यावी. रोज बुडेल या भीतीनें जी बाई केंद्रावर गेली नाहीं, तिचें नांव वरील 140 जणींतच मोजलें जाईल.