सिकलच्या मुलाचा गुडघा दुखतो, तेव्हा खुबाही तपासा

रविवारी विहारातली वंदना संपली की चपला घालता घालता बायका मला गाठतात. कोणाची शुगर वाढलेली, कोणाच्या सुनेचं रक्त कमी. मागच्या पावसाळ्यात अशीच एक आई थांबली. "सिस्टर, पोराचा गुडघा बराच होऊन नाही राहिला. फोटो काढला तर गुडघ्यात काही नाही म्हणतात. वर्ष झालं आता." पोरगा चोवीस वर्षांचा, घरोघरी पार्सल पोचवायचं काम करणारा. मी विचारलं, सिकलची तपासणी झाली आहे का? तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एसएस आहे. पण कोणाले सांगू नका. पोरीची सोयरीक चालू आहे."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पोराला खाटेवर उताणं झोपवलं. गुडघा वाकवला, सरळ केला, काही त्रास नाही. मग पाय आतल्या बाजूला वळवला तसा तो ओरडला आणि त्याचा हात गेला तो जांघेवर. दुखणं गुडघ्यात जाणवत होतं, पण बिघाड होता खुब्यात. खुब्याच्या सांध्याची कळ मांडीतून खाली उतरते आणि कित्येकांना ती फक्त गुडघ्यातच कळते. त्यामुळे वर्षभर गुडघ्याचेच फोटो निघत राहिले. खुब्याचा एक्स-रे काढला तेव्हा मांडीच्या हाडाचा वरचा गोळा एका बाजूने खचलेला होता.

याला डॉक्टर कागदावर 'एव्हीएन' लिहितात, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. सिकलमध्ये लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिनीत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या आणि बारीक. त्या बंद पडल्या की हाडाचा तो भाग मरतो, आणि मेलेल्या हाडावर रोज शरीराचं वजन पडलं की गोळा बसतो. मग पाय आखूड होतो, माणूस लंगडतो. हा वात नाही. मालिशवाल्याकडे पाय ओढून घेतल्याने नुकसानच होतं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आणि दारूनेही हा रोग होतो, पण आपल्या वस्तीत तरुण मुलगा लंगडायला लागला तर पहिला प्रश्न सिकलचाच विचारला पाहिजे.

आपल्या वस्तीतच का? नागपुरात शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये सिकलची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर विदर्भात जिथे जिथे तपासण्या झाल्या तिथे आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये हा दोष मोठ्या प्रमाणात सापडला. इतर जातींतही आहे. ज्याच्यात सिकलचा एकच जनुक असतो त्या 'एएस' माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून जंगल-मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. रक्त नासकं वगैरे बोलणाऱ्यांना हे सांगत जा. एएस माणसाला खुब्याचा हा त्रास सहसा होत नाही. तो होतो एसएस असलेल्यांना आणि सिकलबरोबर थॅलेसेमियाचा जनुक आलेल्यांना.

किती जणांना होतो, याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सिकलच्या २,५९० रुग्णांचे खुबे तपासले तर जवळजवळ दहातल्या एकाला गोळ्याचा हा रोग होता. त्यातल्या पुष्कळांना तपासणीच्या वेळी काही दुखतही नव्हतं. म्हणजे दुखायला लागेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये आणखी कडू गोष्ट दाखवून दिली. मोठ्या माणसांतले ७५ दुखरे खुबे त्यांनी बघत ठेवले, तर पाच वर्षांत १०० मागे ८७ गोळे खचले.

मग लवकर ऑपरेशन केलं तर? हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायचा, अशी एक पद्धत आहे. तिला कोअर डिकम्प्रेशन म्हणतात. वस्तीतले लोक 'ड्रिल मारणं' म्हणतात. अमेरिकेत २००६ मध्ये सिकलच्या ४६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला ड्रिल आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसता फिजिओथेरपीचा व्यायाम. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८२ टक्के खुबे टिकले होते, नुसत्या व्यायामाच्या गटात ८६ टक्के. अभ्यास छोटा आहे, तीन वर्षं हा काळही फार नाही, त्यामुळे ड्रिल निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. पण गोळा अजून खचलेला नसेल आणि कोणी आजच्या आज पैसे भरायला सांगत असेल, तर दागिने गहाण टाकण्याआधी "साहेब, आधी व्यायाम आणि काठी देऊन बघता येईल का?" एवढं विचारायला हरकत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी सिकलचे अटॅक पुष्कळ कमी होतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्याव्यात. पण एकदा बसलेला गोळा त्यांनी परत उभा राहत नाही.

गोळा खचला, रात्री झोप नाही, चालणं बंद झालं, तर खुबा बदलण्याचं ऑपरेशन उरतं. जुना गोळा काढून धातूचा दांडा आणि नवा गोळा, वर वाटी. म्हाताऱ्या माणसांत हे ऑपरेशन फार चांगलं चालतं. सिकलमध्ये मात्र त्याचं नाव बरीच वर्षं खराब होतं. १९९१ च्या त्याच अभ्यासात २७ जणांचे खुबे बदलले होते, त्यातल्या पाच जणांना साडेचार वर्षांच्या आत पुन्हा टेबलावर जावं लागलं. कारणं समजण्यासारखी आहेत. रुग्ण तरुण असतो, सांधा जास्त वापरला जातो. वारंवार मार खाऊन हाडाची आतली पोकळी कडक आणि अरुंद झालेली असते, दांडा बसवताना हाड तडकू शकतं. पानथरी निकामी झालेली असते, म्हणून जंतू लवकर धरतात.

अलीकडचे आकडे खूप बरे आहेत. फ्रान्समध्येच २४४ सिकल रुग्णांचे ३१२ खुबे बदलून सरासरी तेरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००८ मध्ये तो अभ्यास छापून आला. सांध्यात जंतू झाले ते १०० मागे फक्त तिघांना. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चारातल्या एकापेक्षा थोड्या जास्त ऑपरेशनांनंतर सांध्याचा नव्हे, तर सिकलचाच काही ना काही त्रास उठला. म्हणजे सर्जनचा हात चांगला असून भागत नाही. ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे चार दिवस रक्ताच्या डॉक्टरने, भूलतज्ज्ञाने आणि नर्सने मिळून सांभाळावे लागतात.

मी नोकरीत असतानाची एक रात्र सांगते. सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी होती. एकोणीस वर्षांची मुलगी, खुब्याचं ऑपरेशन होऊन दुसरी रात्र. बाराच्या सुमारास ताप चढला, छातीत दुखतं म्हणाली, मशीनवर ऑक्सिजन खाली यायला लागला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया समजून इंजेक्शन सुरू केलं. पहाटे ती गेली. दुपारी तिचा मामा आला, तेव्हा बोलता बोलता कळलं की तिला सिकल होतं. फाइलमध्ये तो शब्द कुठेच नव्हता. घरच्यांनी लपवलं की त्यांना कोणी विचारलंच नाही, मला आजही माहीत नाही. मीही विचारलं नव्हतं.

त्या रात्री जे झालं असावं त्याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. सिकलच्या पेशी फुप्फुसात अडकतात. ऑपरेशननंतर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत हे उठतं. ताप, छातीत कळ, धाप यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही.

हे टाळता येतं का, यावर लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये एक अभ्यास आला. साध्या आणि मध्यम धोक्याच्या ऑपरेशनांना आलेले सिकलचे ६७ रुग्ण. खुबा बदलणं हेही मध्यम धोक्यातच धरतात. ३४ जणांना ऑपरेशनआधी रक्त दिलं, ३३ जणांना दिलं नाही. रक्त न दिलेल्यांत १३ जणांना गुंतागुंत झाली, दिलेल्यांत ५ जणांना. गंभीर त्रास मोजला तर १० विरुद्ध १, आणि त्या अकरांतले दहा जण छातीच्या त्रासाचे. फरक इतका स्पष्ट झाला की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला.

पण म्हणून "साहेब, चार पिशव्या लावा" असंही म्हणू नका. १९९५ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात एका गटाचं हिमोग्लोबिन फक्त १० पर्यंत आणलं आणि दुसऱ्या गटाचं बरंचसं रक्तच बदललं. गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच, ३५ आणि ३१ टक्के. उलट जास्त रक्त दिलेल्यांत रक्तामुळे होणारे त्रास दुप्पट. सिकलमध्ये रक्त दाट झालं तर तेही वाईटच. किती द्यायचं ते रक्ताच्या डॉक्टरला ठरवू द्या. आधी कधी रक्त लावलं असेल तर तेवढं जरूर सांगा, म्हणजे पिशवी जास्त बारकाईने जुळवून घेतात. सिकलच्या रुग्णाला रक्त मोफत मिळण्याची तरतूद आहे, त्यासाठी सिकलचं कार्ड किंवा रिपोर्ट बरोबर लागतो.

आणखी एक स्वस्त गोष्ट. तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र असतं, नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर उचलल्या जातात. छातीत-पाठीत दुखतं म्हणून भरती झालेल्या सिकलच्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला आहे, तोही १९९५ मध्येच. जागेपणी दर दोन तासांनी फुप्फुसाचा हा व्यायाम केलेल्या १९ वेळांत फक्त एकदा फुप्फुसाला त्रास झाला, न केलेल्या १९ वेळांत आठदा. ऑपरेशननंतरही ते उशाशी ठेवतात, पण पोरं कंटाळतात आणि घरचे म्हणतात झोपू द्या. झोपू देऊ नका. उठवून दहा श्वास घ्यायला लावा.

ऑपरेशनआधी रात्रीपासून पाणी बंद ठेवतात आणि नंबर दुपारी येतो, हे आपल्याला नवीन नाही. सिकलच्या रुग्णाला तहानलेलं ठेवणं धोक्याचं आहे. भूलतज्ज्ञाला आधीच भेटून सांगा, म्हणजे सलाईन वेळेवर लागेल आणि जमलं तर नंबर पहिला घेतील. वॉर्डात पांघरूण घरून न्या. थंडीनेही पेशी अडकतात.

आपल्या घरांतली खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. नवा खुबा निखळू नये म्हणून बहुतेक डॉक्टर उकिडवं बसायला आणि मांडी घालून बसायला मनाई करतात. वस्तीतला संडास देशी. तेव्हा सुट्टीच्या आधीच खाली भोक असलेली कमोडची खुर्ची भाड्याने किंवा विकत आणून ठेवा. जमिनीवरच्या अंथरुणाऐवजी उंच खाट हवी. पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी दवाखाना. पुढे कधीही लघवीचे जंतू, फोड किंवा दाढेत पू झाला तर अंगावर काढू नका. ते जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसतात.

बसवलेल्या सांध्याचं स्टिकर मागून घ्या आणि रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. २०१० मध्ये डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून परत मागवला गेला. भारतात त्याची सुमारे ४,७०० ऑपरेशनं झालेली होती. भरपाईची वेळ आली तेव्हा त्यातले पुष्कळ रुग्ण सापडलेच नाहीत. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याच्या प्रमाणपत्राचा अर्जही करा.

त्या पोराची गोष्ट राहिली. ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि आईने तिथेही सिकल सांगितलं नव्हतं. मी तिला त्या एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला रिपोर्ट पिशवीत घेऊन माझ्या दारात उभी. आम्ही दोघी भूलतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ऑपरेशन दहा दिवस पुढे ढकललं, रक्ताच्या डॉक्टरकडे पाठवलं, दोन पिशव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी पोराला थोडा ताप आला. ऑक्सिजन लावला, रात्रभर आईने त्याच्याकडून गोळ्या उचलून घेतल्या, आणि ताप उतरला. पार्सलचं काम सुटलं. आता एका मेडिकलच्या दुकानात बसतो. विहारात त्याच्यासाठी मागच्या भिंतीला प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते.

सोयरीकही मोडली नाही. मुलीची तपासणी एएस होती. तिच्या आईने मुलाकडच्यांना घरी बोलावून दोघांचे रिपोर्ट समोर ठेवले आणि नवऱ्या मुलाची तपासणी करून आणा म्हणाली. ते आधी चिडले. मग मुलगा स्वतःच जाऊन रक्त देऊन आला. रिपोर्ट एए निघाला. लग्न मे महिन्यात आहे.