कोचला ‘नाही’ म्हणू शकणारी माणसं

अमेरिकेतल्या यूजीन शहरात, ओरेगन विद्यापीठाच्या आवारात, उथळ पाण्याच्या मधोमध काचेची एक इमारत उभी आहे. जॉन जाक्वा अकॅडेमिक सेंटर हे तिचं नाव. २०१०मध्ये सुरू झालेल्या या सुमारे ४०,००० चौरस फुटांच्या वास्तूत धावपट्टी नाही, व्यायामशाळाही नाही. ‘नायके’चे सहसंस्थापक फिल नाइट आणि त्यांच्या पत्नी पेनी यांच्या देणगीतून ती उभी राहिली, ती विद्यापीठाच्या खेळाडूंनी नीट अभ्यास करावा म्हणून.

वास्तू देखणी आहेच. पण ही व्यवस्था चालते ती माणसांवर. कॉलेज-खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने हंगामातल्या सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा घातली आहे. प्रवास आणि दुखापतीवरचे उपचार या तासांत धरले जात नाहीत. रात्री परराज्यातला सामना आटोपून परतलेल्या मुलीला सकाळी रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक असतंच. त्यामुळे १९९१मध्ये वरच्या श्रेणीतल्या, म्हणजे ‘डिव्हिजन वन’च्या विद्यापीठांवर खेळाडूंना अभ्याससल्ला आणि शिकवणी देण्याचं बंधन आलं. सल्लागार सरावाच्या वेळा सांभाळून विषय निवडायला मदत करतो आणि बुडणाऱ्या तासांची कल्पना प्राध्यापकांना आधीच देतो. कच्च्या विषयाला ट्यूटर मिळतो. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना स्टडी हॉलमध्ये ठरावीक तास बसावंच लागतं.

दुसरी बाजू शरीराची. अ‍ॅथलेटिक ट्रेनर सरावाआधी घोट्यांना टेप बांधतो, दुखापत तपासतो, पुनर्वसनाचे व्यायाम करून घेतो. जेवणाची सोय मात्र उशिरा सुधारली. कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर याने काही रात्री आपण उपाशीच झोपतो असं २०१४मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये खेळाडूंच्या जेवणाखाण्यावरची मर्यादा उठवण्याचा निर्णय झाला.

एवढं सगळं असूनही ही व्यवस्था दोन ठिकाणी वाईट रीतीने कोसळली.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सुमारे १८ वर्षं एका विभागात तास न होणारे अभ्यासक्रम चालले. एक निबंध लिहून द्यायचा आणि उदार हाताने दिलेले गुण घ्यायचे. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१००हून अधिक विद्यार्थ्यांनी असे विषय घेतले. त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. त्यांच्यापैकी अनेकांना हा रस्ता दाखवला तो खेळाडूंच्या अभ्यास-साहाय्य केंद्रातल्याच काही सल्लागारांनी. मुलं खेळायला पात्र राहिली. शिकायची राहून गेली.

मेरिलँड विद्यापीठात जे घडलं ते जिवावर बेतलं. २०१८च्या मे महिन्यात धावण्याचा सराव करताना जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू उष्माघाताने कोसळला. अशा वेळी रुग्णाला आधी बर्फगार पाण्यात बुडवायचं आणि मगच रुग्णालयात न्यायचं, हा क्रीडावैद्यकातला पक्का नियम. त्याला पाण्यात उतरवलंच नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठाने पुढे जबाबदारी मान्य केली. खेळाडूच्या प्रकृतीबाबत वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा शब्द अखेरचा, कोचचा नव्हे, असा नियम मोठ्या विद्यापीठांना २०१६पासूनच लागू होता. पण तातडीच्या क्षणी त्या शब्दाबरोबर तयारी आणि हिंमतही लागते. नुसता कागदावरचा अधिकार कुणाला वाचवत नाही.

म्हणून एखाद्या विद्यापीठाची खेळाडूंसाठीची व्यवस्था जोखताना मी आधी चौरस फूट मोजणार नाही. सल्लागाराची बढती कोणाच्या हातात आहे, ट्रेनरला नेमणारा आणि काढणारा कोण, हे विचारेन. ही माणसं संघाच्या जय-पराजयाला बांधलेली असतील, तर त्यांची मदत मुलाला पुढच्या सामन्यापुरतीच पुरेल. ती शिक्षण आणि वैद्यक विभागांना उत्तरदायी असतील, तर ‘आज हा खेळणार नाही’ असं ती ठामपणे म्हणू शकतील. कॉलेज-खेळाडूंपैकी फारच थोडे पुढे व्यावसायिक होतात. बाकीच्यांना पुढचं सगळं आयुष्य काढायचं असतं ते इथे मिळालेल्या शिक्षणावर आणि इथून शाबूत नेलेल्या शरीरावर.