चारऐवजी तीन गुणाकार

४७ गुणिले ३६. शाळेत शिकलेल्या रीतीने यात एकअंकी गुणाकार चार. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांच्यासारख्या गणितज्ञाला वाटत होतं, की मोठ्या संख्यांसाठी याहून मुळात वेगवान रीत असूच शकत नाही. १९६० साली मॉस्को विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी हे मांडलं आणि आठवड्याभरात २३ वर्षांच्या अनातोली कारात्सुबाने ते खोटं ठरवलं!

त्याची युक्ती कागदावर करून बघाच. दशकांचा गुणाकार ४×३=१२, एककांचा ७×६=४२. आता अंकांची बेरीज करून गुणा: ११×९=९९. त्यातून १२ आणि ४२ वजा केले की उरतात ४५, हाच मधला भाग. १२००+४५०+४२=१६९२. गुणाकार तीनच, बेरजा-वजाबाक्या वाढल्या, पण त्या स्वस्त.

एक गुणाकार वाचला, त्यात काय एवढं? पण मोठ्या संख्येचे अर्धे-अर्धे तुकडे पाडत गेलं, की बचत प्रत्येक पायरीवर होते. १०२४ अंकी संख्यांना जुन्या रीतीने १०,४८,५७६ एकअंकी गुणाकार लागतात, या रीतीने साधारण ५९ हजार. बहुपदींनाही हीच युक्ती जशीच्या तशी लागू पडते, म्हणून बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात ती आजही आहे. इतकी साधी गोष्ट शतकानुशतकं कुणाला दिसली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.